कुबातने मुक्काम हलवला!

"पोरं सांभाळणं हे काय काम आहे?" असं म्हणून कुबातने कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कटोरा एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसल्या. "मेंढ्या सांभाळायला अक्कल लागते. मेंढीला लांडगा खातो. पोरांना कोण खातंय? ही सात पोरं एकत्र सोडली, तर लांडगाच डोंगर बदलेल!"

मंडळी खो खो हसली. कुबातचं वय पन्नाशीकडे झुकलेलं, पोट त्याच्याही पुढे झुकलेलं, आणि जीभ त्या दोघांच्याही कोसभर पुढे. उन्हाळ्यात गुरं घेऊन जेवढे म्हणून लोक त्या कुरणावर चढत, त्यांतल्या एकाचाही तंबू कुबातच्या खोडीतून सुटला नव्हता. मागच्याच आठवड्यात त्याने शारशेनच्या घोड्याचं खोगीर शारशेनच्याच गायीवर चढवून ठेवलं, आणि शारशेन अर्धवट झोपेत गायीवर बसून पार ओढ्यापर्यंत गेला! परतही आला! घरी बायको ओरडली तेव्हा कुठे त्याने खाली पाहिलं.

आज मात्र कुबातच्या तोंडासमोर आसिल एजे होती. एजे म्हणजे थोरली ताई. आसिल तशी सगळ्या कुरणाचीच थोरली ताई. मोठी माणसं दिवसभर घोड्या पिळणार, लोकर कातरणार, वाळल्या दह्याचे गोळे, म्हणजे कुरुत, वळणार, मग चिल्ल्यापिल्ल्यांनी जायचं कुठे? आसिल एजेच्या तंबूत! झऱ्याकाठी सपाट हिरवळीवर तिचा तंबू. तिथे पाटी नाही, अक्षरं नाहीत, "गप्प बस" नाही. चिखल, पाणी, दगड, खेळायला मेंढीच्या पायातली हाडं, एखादं लंगडं कोकरू. एजे दारात बसून लोकरीचं सूत काढायची आणि बघत राहायची.

"रागावू नका हं एजे," कुबात म्हणाला, "पण तुम्ही दिवसभर करता काय? पोरं चिखलात लोळतात. तुम्ही चाती फिरवता. संध्याकाळी आया येतात आणि चिखल खरवडून आपापलं पोर ओळखून नेतात! आणि एवढ्यासाठी कुरणातली सगळ्यात गोड हिरवळ अडवायची? माझ्या घोड्या तिथे चरल्या ना, तर असं कुमिस होईल, असं होईल, की अक्साकालांना परत काळी दाढी फुटेल!"

अक्साकाल मोल्दोकुल, म्हणजे सगळ्यांत वडीलधारे आणि सगळ्यांत पांढऱ्या दाढीचे, दाढी कुरवाळत विचारात पडले. कल्पना काही वाईट वाटली नाही त्यांना. कोणाचा तंबू कुठे, हे दर उन्हाळ्याला तेच ठरवायचे. त्यांनी मान हलवली असती, तर पोरांची रवानगी मागच्या खडकाळ उतारावर झाली असती. तिथे चिखलसुद्धा शोधून सापडत नाही.

एजेने चाती थांबवली.

"उद्या तू सांभाळ."

"काय?"

"पोरं. सकाळपासून संध्याकाळी घोड्या पिळेपर्यंत. जमलं तर हिरवळ तुझ्या घोड्यांची. माझा तंबू मी स्वतः खडकावर नेते."

"आणि नाही जमलं तर?" सूर्य पश्चिमेला उगवला तर काय करायचं, अशा सुरात कुबातने विचारलं.

एजेच्या मांडीवर काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ होता. शारशेनचा तिलेक नुकताच चालायला लागलेला. पोराने पहिली पावलं टाकली की त्याच्या पायांत असा दोरा बांधतात, बाकीची पोरं लांबून धावत येतात, पहिलं येईल ते दोरा कापतं, आणि मग ते पोर जन्मात अडखळत नाही. तिलेकचा दोरा येत्या जुम्म्याला कापायचा होता.

"लोकर उरणार आहे," एजे म्हणाली. "हरलास तर तिलेकच्या शेजारी उभं राहायचं. भर सभेत तुझेही पाय बांधायचे. पोरं धावतील आणि कापतील. चालायला शिकलास म्हणून!"

असा काही हशा उठला की बांधलेल्या घोड्या बिचकल्या. कुबातची बायको बुरुल डोळे पुसत म्हणाली, "एजे, दोरा जरा लांब वळा हो! ह्यांचे घोटे म्हणजे उखळं आहेत!"

"मंजूर!" कुबात गरजला. "नियम काय?"

"एकच. खेळ पोरं ठरवतील. तू मोडायचा नाहीस. मोडलास, की हरलास."

"बस्स? एवढंच?" कुबातने हात पुढे केला. एजेने तो धरला, अक्साकालांनी वरून फटका मारून दोघांचे हात सोडवले, आणि पैज लागली.

सकाळी एजेने उशी काखेत मारली. "मी ओढ्यापलीकडे बहिणीच्या तंबूत चालले. झोपायला," असं म्हणून तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कुबातची तयारी जय्यत होती. पिशवीभर बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणि एक सतरंजी. बेत साधा: पोरं खेळतील, आपण पडायचं.

पोरांत मुख्य होती बेगिमाय. वय पाच. आवाज असा की मेंढ्या ओळीत उभ्या राहाव्यात. मग उलान, ज्याच्या अंगावर विजार कधीच टिकायची नाही. मग दोन जुळ्या, मग दोघं भाऊ, जे एकमेकांना चावण्यापलीकडे काही करत नसत. आणि तिलेक. चालायचा छान, पण एकाच दिशेने: पाण्याकडे.

पहिला प्रहर तर कुबातने मैदान मारलं! चिखलाच्या भाकऱ्या झाल्या. त्याने त्या मिटक्या मारत खाल्ल्यासारखं केलं, आणि एक तर चुकून खाल्लीच. दगडांच्या मेंढ्या झाल्या. तिलेकला त्याने सात वेळा झऱ्यातून काढलं आणि आठव्या वेळी सोबत स्वतःच जाऊन बसला. "हे तर डाव्या हाताचं काम आहे!" असं स्वतःशी म्हणत तो सतरंजीवर आडवा झाला. डोक्यावरची उंच पांढरी टोपी, त्याचा कालपाक, डोळ्यांवर ओढला. घोड्या कुठे बांधायच्या, खुंटे कुठे ठोकायचे, हे तो मनात आखायला लागला.

कोणीतरी कालपाक उचलला. बेगिमाय होती.

"कुबात आके, उठा. मुक्काम हलवायचाय."

"कोणाचा?"

"आपला. खेळायचंय. खिंडीतून बर्फ येतंय."

"वा! वा! हलवा की!" म्हणत कुबातने कालपाक परत ओढला.

"तुम्ही उंट."

"मी घोडा होतो ना. घोडा मला फार छान जमतो."

"घोडा आहे," बेगिमाय म्हणाली. खरंच होता. विजारीशिवाय खिंकाळत होता. "तुम्ही उंट. उठा आणि तंबू उतरवा."

आता कुबात उठून बसला. "कुठला तंबू?"

बेगिमायने एजेच्या तंबूकडे बोट दाखवलं. आसिल एजेचं घर! भिंतींची जाळी, वरच्या काठ्या, माथ्यावरचं लाकडी चाक, अंगभर लोकरीचे जाड नमदे!

"हा? अगं, हा खरा आहे!"

"मुक्काम हलवताना खराच उतरवतात."

"पण बाळा, उंट कुठे तंबू उतरवतो?"

"हा शहाणा उंट आहे." मग तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकट्याला जमत नसेल तर राहू दे. माझे बाबा एकटे उतरवतात."

झालं! बेगिमायचे बाबा म्हणजे वाळकी काडी! त्यांना जमतं आणि कुबातला जमत नाही? शिवाय पैज होतीच. 'नाही' म्हटलं की खेळ मोडला, खेळ मोडला की हिरवळ गेली. संध्याकाळच्या आत आपण परत उभा करू, एजेला पत्ताही लागणार नाही, असा हिशेब करून कुबातने बाह्या सरसावल्या.

आणि काय सांगू, पोरांनी काम केलं! जुळ्यांनी दोर सोडले. दोघा भावांनी गाठी दातांनी सोडवल्या, त्यांचे दात पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी आले! नमदे घसरले, काठ्या एकेक करून निघाल्या, आणि शेवटी माथ्यावरचं चाक कुबातच्या डोक्यावर आलं. तो ते तोलत उभा असताना उलान खालून दोन पायांच्या मधून तीनदा घोड्यासारखा पळाला.

थोड्याच वेळात हिरवळीवर तंबू नव्हता. गवतावर नुसतं एक फिकट गोल वर्तुळ!

बेगिमायने उंट लादला. पाठीवर नमदा, नमद्यावर उशा, उशांवर तिलेक. कुबात कमरेत वाकून उभा. तिने त्याच्या गळ्यात दोर घातला आणि बजावलं, "उंट बोलत नाही."

"बरं," कुबात म्हणाला.

"बोललात!"

कुबातने तोंड मिटलं आणि नाकाने उंटासारखा घोगरा आवाज काढला. पोरं खूश! "चला! चला! खिंडीतून बर्फ येतंय! कोकरं उचला!" सात गळे एकदम ओरडले, आणि वरात निघाली.

नेमका त्याच वेळी वरच्या वाटेने शारशेन आला. शारशेन हा मुळातच घाबरा जीव. ढग गडगडला तर तो आधी मेंढ्यांना धीर द्यायचा आणि मग मेंढ्या त्याला. आता एक गोष्ट त्या कुरणावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होती: शरदात खाली उतरताना पोरांचा तंबू सगळ्यांत शेवटी उतरतो. बाकी सगळं आवरेपर्यंत पोरं तिथे ऊबेत राहतात. आणि इथे भर उन्हाळ्यात तो जागेवर नाही! उलट त्याचा नमदा कुबातच्या पाठीवर, आणि नमद्यावर शारशेनचा स्वतःचा तिलेक!

"अरे कुबात!" शारशेनचा आवाज फाटला. "काय झालं? तंबू का उतरवला?"

कुबातने मान वर केली. उत्तर जिभेवर होतं, दोर बेगिमायच्या हातात होता.

"घ्रॉंऽऽ," कुबात म्हणाला.

शारशेनचे डोळे पांढरे झाले. कुबात बोलत नाही? जन्मल्यापासून ज्याची जीभ झोपेतसुद्धा थांबली नाही, त्या कुबातची वाचा बसली? "अरे, काय पाहिलंस? सांग ना!"

"घ्रॉंऽऽ! घ्रॉंऽऽ!" कुबातने जीव तोडून डोळे मिचकावले. म्हणजे, बाबा, खेळ आहे, जा. शारशेनला मात्र वाटलं, झटका आलाय.

"खिंडीतून बर्फ येतंय!" बेगिमायने खुलासा केला. "सगळे मरतील! पळा!"

शारशेन पळाला! घोड्यावर इतक्या घाईत चढला की खोगिराच्या पलीकडे पडला, पुन्हा चढला आणि उधळला. कुबात पोटातल्या पोटात हसून लोटपोट झाला. खोडी न काढता खोडी निघाली! ह्याला म्हणतात हातगुण!

तो हसतच ओढ्याकडच्या उतारावर पोचला आणि सहज मागे पाहिलं. शारशेनचा तंबू खाली येत होता. कुबातला आणखी हसू आलं. मग शेजारचाही तंबू उतरला. मग त्याच्या पलीकडचा. आता त्याचं हसू जरा पातळ झालं. एवढे सगळे? एका शारशेनच्या सांगण्यावरून? शारशेनचं तर त्याची गायसुद्धा ऐकत नाही!

आणि मग त्याने पाहिलं, बुरुल, त्याची स्वतःची बुरुल, त्याच्या स्वतःच्या तंबूवरचा नमदा ओढत होती!

वादळ अंगावर आलं तरी बुरुल आधी चहा उकळणारी बाई. ती उगाच तंबूला हात लावायची नाही. म्हणजे तिने काहीतरी पाहिलं! म्हणजे खरंच काहीतरी आलंय! त्याने खिंडीकडे पाहिलं. निळंभोर आभाळ, आणि कडेला एक कापसाएवढा ढग. काल होता का हा ढग? नव्हता! होता? नव्हताच!

कुबात सुटला! पाठीवर नमदा, नमद्यावर तिलेक, एका काखेत उलान, दुसऱ्या काखेत एक जुळी, मागून बाकीची पोरं हर्षाने किंचाळत. असा जोरदार उंट त्यांना आजवर मिळाला नव्हता. आणि उतारावरून पळणारा कुबात पाहून मागच्यांची उरलीसुरली शंकाही फिटली. जो तो निघाला. घोडे, मेंढ्या, कुत्री, पिपं, चुली, बोंबाबोंब!

ओढ्याकाठी सगळे एकत्र आले. दुपार उलटलेली. वरच्या डोंगरावरचं बर्फ उन्हाने वितळतं आणि ह्या वेळी ओढा फुगतो, म्हणून दुपारनंतर कोणी कोकरू त्यात घालत नाही. पाणी राखाडी, फेसाळ, दगड लोटत चाललेलं. पलीकडे गेल्याशिवाय खाली उतरायला वाट नव्हती.

अक्साकाल घोड्यावरून पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काही कोकरं जातील. पण बर्फाखाली सगळंच जाईल. बर्फ पाहिलं कोणी?"

"मला बुरुलने सांगितलं," एक म्हणाला.

"मला शारशेनने," बुरुल म्हणाली. "मी चहासुद्धा ओतून दिला!"

"मी... मी कुबातला पाहिलं!" शारशेन थरथरत म्हणाला. "पोरांचा तंबू उतरवून पळत होता! तोंडातून शब्द फुटत नव्हता! कुबातच्या!"

सगळे कुबातकडे वळले.

आणि धापा टाकणाऱ्या कुबातच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बुरुलला शारशेनने सांगितलं. शारशेनला कोणी सांगितलं? एका उंटाने! हे आख्खं कुरण त्याच्या मागून पळत होतं, आणि तो त्यांच्या पुढे!

"कुबातची वाचा बसली?" अक्साकाल गंभीर झाले. "मग ही थट्टा नव्हे. घाला मेंढ्या पाण्यात!"

बघा मंडळी, काय पेच होता! कुबातने फक्त गप्प राहायचं होतं. खेळ मोडलेला नव्हता. सातही पोरं हसत होती. संध्याकाळ तासाभरावर आलेली. झऱ्याकाठची हिरवळ त्याच्या घोड्यांच्या तोंडाशी आली होती. उद्या सगळे परत आले असते, बर्फ आलंच नाही म्हणाले असते, आणि कुबात उंटाचा उंट राहून पैज जिंकला असता!

शारशेनची काळी मेंढी पाण्यात उतरली. मागोमाग तिचं कोकरू. पहिल्याच लाटेने त्याचे पाय उचलले.

"थांबाऽऽऽ!" कुबात असा ओरडला की डोंगराने दोनदा परत ओरडून दाखवलं. पाठीवरचा तिलेक त्याने बुरुलच्या ओटीत टाकला, धावत पाण्यात घुसला आणि कोकरू मानेला धरून ओढलं. छातीभर पाण्यातून तो बोंबलला, "कोणी पाण्यात उतरू नका! बर्फबिर्फ काही नाही! खेळ आहे! आम्ही मुक्काम-मुक्काम खेळत होतो! बंद करा! खेळ संपला!"

काठावरच्यांनी मेंढ्या मागे ओढल्या.

बेगिमाय पाय आपटून रडवेल्या आवाजात म्हणाली, "उंट बोलत नाही!"

पलीकडच्या काठावर एका तंबूचं दार उघडलं. केस विस्कटलेली, गालावर उशीची घडी उमटलेली आसिल एजे बाहेर आली. तिने आख्खं कुरण पाहिलं, लादलेले घोडे पाहिले, पाण्यात कोकरू कवटाळून उभा असलेला कुबात पाहिला, आणि स्वतःच्या तंबूचा नमदा ओळखला.

"खेळ कोणी मोडला?" तिने विचारलं.

सात बोटं कुबातकडे वळली. तिलेकचं जरा उशिरा वळलं, पण वळलं.

"पण एजे!" कुबात काकुळतीला आला. "तुमचं घर उतरवायला सांगत होती हो ती! मी करणार काय?"

"माझ्या तंबूमागे वेताच्या काड्यांचा छोटा तंबू पडलाय. मुक्काम-मुक्काम खेळायला. रोजच मागतात."

कुबातने बेगिमायकडे पाहिलं. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" बेगिमाय म्हणाली. "तुम्ही झोपला होतात."

पुढचा आख्खा दिवस कुरण तंबू परत उभे करत होतं. प्रत्येक तंबूचं चाक डोक्यावर कोणी धरलं, हे वेगळं सांगायला नको. शारशेन तर म्हणाला, "जरा डावीकडे. नाही, उजवीकडे. पुन्हा डावीकडे," आणि मग चहा प्यायला गेला! आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी टांगून ठेवायचं सुख त्याला मिळत होतं.

जुम्म्याला सगळे झऱ्याकाठी जमले. आधी तिलेक. पायांत दोरा, लांबून पोरं धावत आली, उलान पहिला. विजार वाटेतच राहिली होती. कात्री चालली, टाळ्या पडल्या, आणि तिलेक डौलात चार पावलं चालत थेट झऱ्यात गेला.

मग कुबात. स्वच्छ कालपाक घालून, छाती काढून, हिरवळीच्या मधोमध. हरला तरी रुबाब सोडेल तर तो कुबात कसला! अक्साकालांनी स्वतः वाकून गाठ मारली. एजेने दोरा खरंच लांब वळला होता, बुरुलने तो आणखी एक वेढा देऊन आवळला.

"बोल रे कुबात," अक्साकाल म्हणाले, "पोरं सांभाळणं हे काय काम आहे?"

"काम आहे हो, काम आहे," कुबात म्हणाला. "मान्य! आता सोडा पोरांना!"

पोरं सुटली. जोरात आली. आणि अर्ध्या वाटेत थबकली. झऱ्याचं पाणी फुटून तिथे नवंकोरं डबकं झालं होतं, मऊ, काळं, घोट्याएवढ्या चिखलाचं. जुळ्या बसल्या. दोघे भाऊ बसले. उलान लोळला. भाकऱ्या सुरू झाल्या.

"एजे," कुबात हळूच म्हणाला, "हाक मारा ना त्यांना."

एजेने चाती काढली. "खेळ पोरं ठरवतात."

मंडळी बोर्सोक खाऊन पांगली. बुरुल घोड्या पिळायला गेली. कुबात उड्या मारत निघायला गेला आणि आडवा झाला. त्याची लाडकी तांबडी घोडी मोकळ्या पायांनी चरत चरत आली, त्याला हुंगली आणि त्याचा कालपाक तोंडात धरून चालू लागली.

शेवटी बेगिमाय आली! कोपरापर्यंत चिखल आणि हातात कात्री! कुबातचा जीव भांड्यात पडला.

"आलीस माझी राणी! काप, बाळा, काप लवकर!"

बेगिमायने कमरेवर हात ठेवून त्याला बराच वेळ न्याहाळलं.

"उंट बोलत नाही," ती म्हणाली, आणि कात्री घेऊन डबक्याकडे परत गेली.